गेटर बाउलचं आमंत्रण: जीन स्मिथ आणि ओहायो स्टेटचा २०११ चा निर्णय

२४ नोव्हेंबर २०१२ रोजी कोलंबस शहरात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने मिशिगनला २६-२१ असं हरवलं. मोसमातला बारावा सामना आणि बारावा विजय. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या अव्वल गटात त्या वर्षी सव्वाशेच्या आसपास संघ होते आणि त्यांतले दोनच अपराजित राहिले: ओहायो स्टेट आणि नोट्र डेम. नोट्र डेम पुढे राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळला. ओहायो स्टेटचा मोसम मात्र मिशिगनचा सामना संपला तिथेच संपला.

आठवड्याभराने बिग टेन या त्यांच्याच कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या साखळीचा, अंतिम सामना विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का यांच्यात झाला. दोघांनाही ओहायो स्टेटने त्याच मोसमात हरवलं होतं, नेब्रास्काला तर ६३-३८ असं. विस्कॉन्सिन आपल्या विभागात तिसऱ्या क्रमांकावर होता. वरच्या दोन्ही संघांवर मोसमानंतरचे सामने खेळायची बंदी असल्यामुळे त्याला बोलावणं आलं, आणि त्याने नेब्रास्काला ७०-३१ असं लोळवून थेट रोझ बाउल गाठला. बाउल म्हणजे मोसम संपल्यावर आमंत्रित संघांत होणारा सामना, आणि रोझ बाउल त्यांतला मानाचा. घरी बसून हे पाहणाऱ्या ओहायो स्टेटच्या पोरांचं काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या पोरांनी काही केलं नव्हतं. ज्यांनी केलं होतं त्यांतले बहुतेक निघून गेले होते, कोच बदलला होता. बंदी होती ती दोन वर्षांपूर्वीच्या प्रकरणाची. ती नेमकी या मोसमावर येऊन पडली, कारण आदल्या वर्षी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जीन स्मिथ यांनी एक हिशेब केला होता आणि तो चुकला. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

खुर्ची आणि माणूस

आधी खुर्चीबद्दल थोडं. आपल्याकडे कॉलेजचे क्रीडा संचालक म्हटले की जिमखान्याची खोली, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिका, बॅट-बॉलची कोटेशनं आणि ग्रेस मार्कांसाठी मागे लागलेली मुलं डोळ्यांपुढे येतात. ओहायो स्टेटच्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे छत्तीस खेळांचे संघ, हजाराच्या आसपास खेळाडू, वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक उलाढाल आणि लाखाहून जास्त प्रेक्षक बसतील असं १९२२ सालचं स्टेडियम असतं. कोच नेमायचे, काढायचे, देणगीदार सांभाळायचे, टीव्हीचे पैसे मोजायचे. आणि या सगळ्याच्या वर, एनसीएए नावाच्या नियामक संस्थेची नियमावली. खेळाडू हौशी असलाच पाहिजे, त्याने आपल्या खेळाच्या नावावर दमडी घेता कामा नये, हा तिचा तेव्हाचा गाभा. विद्यापीठाने स्वतःच स्वतःवर पहारा ठेवायचा, चूक सापडली की स्वतः कळवायची आणि शिक्षाही आधी स्वतःच सुचवायची, अशी रीत. मग एनसीएएची समिती ती शिक्षा पुरेशी आहे का ते ठरवते. आपण कुठली शिक्षा स्वतःहून घ्यायची, हा डावच आहे.

स्मिथ यांचा या डावातला अनुभव कमी नव्हता. जन्म १९५५ चा, क्लीव्हलंडचा. नोट्र डेममध्ये डिफेन्सिव्ह एंड म्हणून खेळले. १९७३ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होते. पुढे तिथेच सहायक कोच. मग दोनेक वर्षं आयबीएममध्ये मार्केटिंग. कोचिंग सोडून कंपनीत गेलेला आणि कंपनीतून कॉलेजच्या प्रशासनात परतलेला हा माणूस, आणि ते त्यांच्या कामात दिसायचं: आवाज न चढवणारा, कागद वाचून बैठकीला येणारा. तिशीच्या आसपास ईस्टर्न मिशिगनचे डायरेक्टर झाले, १९९३ मध्ये आयोवा स्टेट, २००० मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट, आणि मार्च २००५ मध्ये ओहायो स्टेटने त्यांचं नाव जाहीर केलं. या पदावर कृष्णवर्णीय माणूस दिसणं तेव्हा अमेरिकेत विरळाच होतं. सहकाऱ्यांत मान एवढा की २०११ च्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचे संघ निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. म्हणजे ज्या मार्चमध्ये त्यांच्या घरात आग लागली, त्याच मार्चमध्ये ते देशाच्या सर्वांत मोठ्या कॉलेज स्पर्धेचा पाट मांडत बसले होते.

टॅटू

आग कशाची, तर टॅटूची. ७ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने विद्यापीठाला कळवलं की कोलंबसमधल्या एका टॅटूवाल्याची अमली पदार्थांच्या प्रकरणात चौकशी चालू असताना त्याच्याकडे ओहायो स्टेटच्या फुटबॉलपटूंच्या बऱ्याच वस्तू सापडल्या. पोरांनी आपल्या अंगठ्या, जर्सी, बूट विकून रोख पैसे घेतले होते, कुणी स्वस्तात टॅटू काढून घेतले होते. विकलेल्या वस्तूंत ‘गोल्ड पँट्स’ही होत्या. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला मिळणारं, पँटच्या आकाराचं हे छोटं सोन्याचं पदक, १९३४ पासूनची प्रथा. कोलंबसच्या जुन्या लोकांना पैशापेक्षा हे विकल्याचं जास्त लागलं.

रकमा पाहा. क्वार्टरबॅक टेरेल प्रायर याने २,५०० डॉलर परत करायचे होते, बाकीच्या चौघांनी हजार ते दीड हजाराच्या घरात. पाचांचे मिळून साडेसात हजारही भरत नाहीत. यासाठी २३ डिसेंबरला एनसीएएने पाच जणांना पुढच्या, म्हणजे २०११ च्या मोसमातले पहिले पाच सामने बंद केले. मात्र चार जानेवारीचा शुगर बाउल खेळायची मुभा ठेवली. मुलांना नियम नीट समजावले गेले नव्हते, हे त्यामागचं एक कारण. ओहायो स्टेटने आर्कान्साला ३१-२६ असं हरवलं, आणि शेवटच्या क्षणी चेंडू अडवून सामना राखणारा सॉलोमन थॉमस हा त्या पाचांपैकीच एक. स्मिथ यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितलं की हे एवढंच आहे, सगळ्या संघाला लागलेली कीड नाही. त्यांच्या हातात त्या दिवशी जे कागद होते त्यांवरून ते खरंच होतं.

जे कागद हातात नव्हते ते होते कोच जिम ट्रेसल यांच्या ईमेलमध्ये. एप्रिल २०१० मध्येच एका स्थानिक वकिलाने ट्रेसल यांना या टॅटूवाल्याबद्दल आणि पोरांच्या वस्तूंबद्दल लिहिलं होतं. ट्रेसल यांनी ते ना स्मिथ यांना सांगितलं, ना नियमपालनाच्या कार्यालयाला. सप्टेंबरमध्ये, कुठल्याही नियमभंगाची माहिती नाही अशा कागदावर सहीही केली. मोसमभर ती पोरं खेळली. डिसेंबरमध्ये प्रकरण फुटलं तेव्हाही ते गप्प. जानेवारी २०११ मध्ये विद्यापीठाचे वकील भलत्याच कामासाठी ईमेल चाळत असताना हे हाती लागलं.

इथून पुढचे काही महिने स्मिथ यांच्या कारकिर्दीतले सर्वांत वाईट. आणि मला वाटतं, या काळातल्या त्यांच्या वागण्याबद्दल लोक बोलतात त्यापेक्षा थोडं कमी कठोर व्हायला हवं. ट्रेसल म्हणजे कोलंबसचा देव होता. २००२ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांचं. मिशिगनला जवळपास दरवर्षी हरवण्याची सवय त्यांनी लावलेली. स्मिथ आले तेव्हा ट्रेसल चार वर्षांचे जुने, त्यामुळे ‘माझा माणूस’ म्हणून त्यांना दटावण्याचा हक्कही स्मिथ यांच्याकडे नव्हता. कागदावर कोच डायरेक्टरच्या हाताखाली, प्रत्यक्षात उलटं. ८ मार्चच्या पत्रकार परिषदेत दोन सामन्यांची बंदी आणि अडीच लाख डॉलर दंड जाहीर झाला. कोचला काढण्याचा विचार झाला का, असं विद्यापीठाचे अध्यक्ष गॉर्डन गी यांना कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले की कोचनेच मला काढू नये एवढीच माझी आशा आहे. विनोद होता, पण सत्ता कुणाकडे आहे हे त्याने टीव्हीवर सांगून टाकलं. शेजारी स्मिथ बसले होते. डायरेक्टरच्या अधिकाराला एवढी उघड चपराक स्वतःच्या अध्यक्षाकडून मिळाल्यावर पुढे सगळं धिम्या पावलांनीच झालं तर नवल नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात असणार, हा माझा अंदाज. बास्केटबॉल कोच जिम ओब्रायन यांना २००४ मध्ये एका खेळाडूच्या कुटुंबाला पैसे दिल्यावरून घाईने काढलं गेलं. ओब्रायन कोर्टात गेले, आणि विद्यापीठाला वीस लाख डॉलरहून जास्त मोजावे लागले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. ट्रेसल यांनी अखेर ३० मे रोजी राजीनामा दिला, आणि जुलैत विद्यापीठाने तो निवृत्ती म्हणून नोंदवला, दंडही सोडून दिला.

हिशेब

८ जुलै २०११ रोजी ओहायो स्टेटने एनसीएएला उत्तर पाठवलं, त्यात आपल्या शिक्षा आपणच मांडल्या. २०१० चे सगळे विजय नोंदवहीतून रद्द, शुगर बाउलसकट. दोन वर्षं प्रोबेशन. शुगर बाउलच्या वाट्याचे तीन लाखांहून अधिक डॉलरही पुढे परत द्यायची तयारी झाली. पोस्ट-सीझन बंदीचा, म्हणजे २०११ च्या अखेरीस कुठलाही बाउल सामना न खेळण्याचा, उल्लेख नव्हता. खेळाडूंना द्यायच्या स्कॉलरशिप कमी करण्याचाही नव्हता.

नीट पाहिलं तर या यादीतली एकही गोष्ट दुखणारी नाही. जिंकलेले सामने लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. ते वहीतून खोडल्याने कोलंबसमधल्या कुणाची आठवण खोडली जात नाही. प्रोबेशन म्हणजे आणखी अहवाल आणि आणखी सह्या. पैसा परत द्यायचा, पण एवढ्या मोठ्या खात्याला ती रक्कम चहापाण्याची. जे दुखतं ते दोनच: बाउल आणि स्कॉलरशिप. ते दोन्ही त्यांनी राखून ठेवलं.

याला त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते वेडेपणाचं नव्हतं. एप्रिलमध्ये एनसीएएकडून जे आरोपपत्र आलं त्यात विद्यापीठाचा कारभार ढिला होता असा आरोपच नव्हता. दोष कोचचा. कोच खोटं बोलला, कोच गेला. अशा प्रकरणांत याआधी बाउल बंदी सहसा आलेली नाही, असा सल्ला वकिलांनी दिला, आणि आधीच्या निकालांची यादी पाहिली तर तो बरोबर होता. त्यात २०११ च्या संघात शेवटच्या वर्षाची मुलं होती, हंगामी कोच ल्यूक फिकल कसाबसा संघ सांभाळत होता. न मागितलेली शिक्षा या मुलांच्या माथी का मारायची? हा प्रश्न आजही मला पटतो. १२ ऑगस्टला इंडियानापोलिसमध्ये समितीपुढे सुनावणी झाली, आणि तोवर हिशेब जमत होता.

पण त्याच आठवड्यात, त्याच शहरात एनसीएएच्या नव्या प्रमुखांनी विद्यापीठांच्या अध्यक्षांची बैठक घेतली होती, विषय एकच: शिक्षा कडक करा. वर्षभरापूर्वी सदर्न कॅलिफोर्नियाला दोन वर्षं बाउल बंदी आणि तीस स्कॉलरशिप कपात बसली होती. जुन्या निकालांवरून पुढचा निकाल सांगता येतो, ते न्यायाधीश तेच असतील आणि हवा तीच असेल तर. हवा बदलत होती हे कोलंबसमध्ये कुणाला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. वजन किती द्यायचं एवढाच प्रश्न होता.

मग सप्टेंबर. मोसमाचा पहिला सामना तोंडावर असताना तीन खेळाडू बसवावे लागले: क्लीव्हलंडकडच्या एका कार्यक्रमात त्यांनी प्रत्येकी २०० डॉलर घेतले होते. ऑक्टोबरमध्ये कळलं की एका देणगीदाराच्या धंद्यात उन्हाळी नोकरी करणाऱ्या काही खेळाडूंना न केलेल्या तासांचे पैसे मिळाले. क्लीव्हलंडच्या त्या कार्यक्रमामागचाच हा देणगीदार. त्याची खेळाडूंशी घसट आधीपासून ठाऊक होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एनसीएएचं दुसरं आरोपपत्र आलं, आणि यात तो शब्द होता जो पहिल्यात नव्हता: देखरेखीत कसूर. हा आरोप कोचवर नसतो. तो डायरेक्टरच्या टेबलावर येतो. स्मिथ यांनी जबाबदारी स्वतःची म्हणून मान्य केली, आणि विद्यापीठाने तीन वर्षांत पाच स्कॉलरशिप स्वतःहून सोडल्या. बाउल तरीही सोडला नाही.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे, जुलैत नाही. जुलैचा हिशेब तेव्हाच्या आकड्यांवर ठीक होता. नोव्हेंबरमध्ये आकडे बदलले आणि बेरीज तीच ठेवली गेली. ‘सगळा दोष कोचचा’ हा ज्या युक्तिवादाचा पाया होता, तो पायाच दुसऱ्या आरोपपत्राने काढून घेतला होता. शिवाय याच आठवड्यात त्याच कॉन्फरन्समधल्या पेन स्टेटमध्ये माजी सहायक कोच जेरी सँडस्कीला मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली आणि चार दिवसांत जो पॅटर्नो यांच्यासारख्या कोचची हकालपट्टी झाली. त्या प्रकरणाचा टॅटूशी काडीचा संबंध नाही, गुन्ह्याची जातच वेगळी. पण ‘मोठ्या फुटबॉल कोचला विद्यापीठ लगाम घालू शकत नाही’ ही ओरड देशभर त्या आठवड्यात सुरू झाली, आणि ओहायो स्टेटची फाइल समितीपुढे पडून होती.

आता दुसरी बाजू पाहा: सोडायचं काय होतं? संघाची अवस्था वाईट होती. पाच नोव्हेंबरला इंडियानाला हरवून सहावा विजय मिळाला आणि त्यानंतर पर्ड्यू, पेन स्टेट, मिशिगन, तिन्हीकडे हार. मोसम ६-६ वर संपला. २८ नोव्हेंबरला अर्बन मायर यांची नवे कोच म्हणून नेमणूक झाली. दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेला माणूस, पुढच्या वर्षी काय होऊ शकतं याचा अंदाज कुणालाही यावा असा. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं ते आमंत्रण गेटर बाउलचं, फ्लोरिडाविरुद्ध. सहा जिंकलेल्या, सहा हरलेल्या संघाचा दुय्यम दर्जाचा सामना. बाउल बंदी एवढ्या स्वस्तात मिळण्याची वेळ पुन्हा आली नसती. एक पत्र लिहायचं, आमंत्रण नाकारायचं, आणि समितीला सांगायचं की आम्ही भरून टाकलं.

स्मिथ यांनी आमंत्रण घेतलं. २० डिसेंबरला निकाल आला: २०१२ मध्ये बाउल बंदी, तीन वर्षं प्रोबेशन, स्कॉलरशिपची कपात पाचावरून नऊवर, आणि पाच वर्षांत ट्रेसल यांना नेमणाऱ्या विद्यापीठाला एनसीएएपुढे कारण द्यावं लागेल अशी अट. विद्यापीठ याआधीही नियमभंगात सापडलं होतं, यावरही समितीने बोट ठेवलं. स्मिथ यांनी आश्चर्य आणि निराशा व्यक्त केली. अपील केलं नाही. २ जानेवारीला जॅक्सनव्हिलमध्ये ओहायो स्टेट फ्लोरिडाकडून २४-१७ असा हरला.

कपाटातली जुनी फाइल

आता ज्या गोष्टीमुळे हे प्रकरण मला अभ्यासाचं वाटतं ती. हाच डाव या विद्यापीठात आधी खेळून झाला होता, आणि बरोबर खेळला गेला होता.

ओब्रायन यांना काढल्यानंतर, डिसेंबर २००४ मध्ये, स्मिथ यांच्या आधीचे डायरेक्टर अँडी गायगर यांनी बास्केटबॉल संघाला त्या मोसमातल्या राष्ट्रीय स्पर्धेतून स्वतःहून बाहेर काढलं. मोसम नुकताच सुरू झाला होता, एनसीएएचा निकाल यायला सव्वा वर्ष होतं. तेव्हाही मुलांचा दोष नव्हता, तेव्हाही ओरड झाली. त्या संघाने ६ मार्च २००५ रोजी तोवर एकही सामना न हरलेल्या इलिनॉयला एका गुणाने पाडलं, म्हणजे स्मिथ यांचं नाव जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आणि तरीही राष्ट्रीय स्पर्धेत गेला नाही. मार्च २००६ मध्ये निकाल आला त्यात आणखी पोस्ट-सीझन बंदी नव्हती. गायगर यांनी आधीच मोजलेली किंमत समितीने धरली. त्या महिन्यात ओहायो स्टेट स्पर्धेत होता, दुसऱ्या मानांकनाने. पुढच्या वर्षी ग्रेग ओडनसारखे खेळाडू घेऊन अंतिम सामन्यापर्यंत गेला. या फळांचा लाभ डायरेक्टर म्हणून स्मिथ यांनाच मिळाला.

म्हणजे दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाचं उदाहरण शोधायची गरज नव्हती. पण गायगर निघून जाण्याच्या वाटेवर होते. नवा माणूस आणि नवा कोच थॅड मॅटा यांच्यासाठी त्यांनी पाटी कोरी करून दिली. जाणाऱ्याला कटू औषध देणं सोपं असतं. राहणाऱ्याला, नव्या कोचला आणून बसवलेल्याला, शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या पालकांचे फोन येणाऱ्याला ते जड जातं. स्मिथ यांची अडचण मी इथे शोधतो, आकलनात कमी आणि जागेत जास्त.

मायामी विद्यापीठाचं उदाहरण तर दुसऱ्या आरोपपत्राच्याच महिन्यातलं. त्यांचं प्रकरण ओहायो स्टेटपेक्षा कितीतरी मोठं आणि घाणेरडं होतं. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःहून बाउल सोडला, ६-६ असा मोसम असताना. २०१२ मध्येही सोडला, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यासकट. ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाल आला तेव्हा आणखी बंदी नव्हती. नऊ स्कॉलरशिप तेवढ्या गेल्या. अर्थात, स्मिथ यांनी गेटर बाउल सोडला असता तर समितीने २०१२ वर हात ठेवलाच नसता, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दोन उदाहरणं एका बाजूला आणि बारा-शून्यचा मोसम दुसऱ्या बाजूला ठेवल्यावर कुठली पैज लावायला हवी होती, यावर फार वाद होईल असं वाटत नाही.

७ जानेवारी २०१३ ला अलाबामाने राष्ट्रीय अंतिम सामन्यात नोट्र डेमला ४२-१४ असं धुतलं. अलाबामा मोसमात एक सामना हरला होता. बंदी नसती तर त्या जागेवर ओहायो स्टेट असण्याचा संभव मोठा होता. स्मिथ यांचं कॉलेज विरुद्ध स्मिथ यांचं विद्यापीठ.

ते टिकले कसे

एवढं होऊन स्मिथ यांची खुर्ची गेली नाही, यावर कोलंबसमध्ये पुष्कळ चिडचिड झाली. पण खाते चालवण्यात ते पक्के होते, आणि मायर यांना आणण्याचं श्रेयही त्यांचंच. जानेवारी २०१५ मध्ये पहिल्या प्लेऑफच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने ओरेगनला ४२-२० असं हरवलं, तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक खेळवून. त्यानंतर २०१२ ची आठवण काढणारे कमी झाले. २०१८ मध्ये मायर यांच्या एका सहायकावरच्या घरगुती हिंसाचाराच्या आरोपांवरून चौकशी झाली, आणि मायर यांच्याबरोबर स्मिथही काही आठवडे बिनपगारी निलंबित झाले. आठ वर्षांत दुसऱ्यांदा तोच आक्षेप: फुटबॉलच्या खोलीत काय चाललंय ते वरच्या मजल्यावर वेळेत पोहोचत नाही, किंवा पोहोचलं तरी पुढे जात नाही. ही मात्र मी जागेची अडचण म्हणून सोडून देणार नाही. एकदा ठेच लागल्यावर हीच गोष्ट सर्वांत आधी दुरुस्त व्हायला हवी होती.

पैशाच्या बाबतीत एक छोटी गोष्ट मला फार बोलकी वाटते. मार्च २०१४ मध्ये ओहायो स्टेटच्या लोगन स्टीबरने कुस्तीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्याबरोबर करारातल्या कलमानुसार स्मिथ यांना १८ हजार डॉलरहून अधिक बोनस मिळाला. स्टीबरला नियमानुसार एक छदामही घेता येत नव्हता. आपल्या वस्तू विकणाऱ्या त्या पाचांनी मिळून जेवढे घेतले, त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम एका मल्लाच्या विजयावर त्याच्या डायरेक्टरला. सगळं करारात, सगळं कायदेशीर. देशभर बोंब झाली ती रास्तच होती.

आणि तरीही, २०१९ मध्ये एनसीएएने खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरून पैसे कमवू द्यायचे का, हे ठरवायला गट नेमला, तेव्हा त्याचे एक सहअध्यक्ष जीन स्मिथ होते. सुरुवातीला ते या कल्पनेचे भोक्ते नव्हते. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला तेव्हा, असा कायदा लागू झाला तर तिथल्या संघांशी आपण सामने ठरवणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली होती. पण गटाने २०२० मध्ये वाट मोकळी करायचीच शिफारस केली, १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना सह्या, जाहिराती, जर्सी विकून पैसे घेता येऊ लागले, आणि ओहायोच्या गव्हर्नरने तीनच दिवस आधी त्यासाठी आदेश काढला. दोन आठवड्यांच्या आत प्रायर आणि त्याच्या चार सोबत्यांनी निवेदन काढलं: आता तरी आमचे २०१० चे विजय आणि विक्रम परत द्या. विद्यापीठाने सांगितलं की तो निर्णय एनसीएएचा.

वकिली दृष्टीने उत्तर बरोबर. पण २०१० चे विजय रद्द करण्याचा प्रस्ताव एनसीएएच्या निकालाच्या पाच महिने आधी विद्यापीठाने स्वतःच पाठवला होता. राखून ठेवलं ते बाउलचं आमंत्रण, देऊन टाकले ते पोरांचे विजय.

स्मिथ २०२४ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाले, एकोणीस वर्षांनी. त्यांच्या जागी आलेल्या रॉस ब्योर्क यांनी फुटबॉल संघातल्या खेळाडूंना वर्षभरात अशा करारांतून सुमारे दोन कोटी डॉलर मिळाल्याचं सांगितलं. बहुतांशी स्मिथ यांच्या काळातच जमवलेल्या त्या संघाने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, नोट्र डेमला ३४-२३ असं हरवून.